आमची वाटचाल: पेटी, पूर आणि एक चुकलेला काना

शाळेत लेखक-चित्रकार घेऊन जाणाऱ्या पुस्तकवाल्याला मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती टक्के सोडणार?" कोण येणार, कुठली पुस्तकं आणणार, मुलं कितवीची, हे सगळं चहा झाल्यावर. वीस वर्षं हाच प्रश्न ऐकतोय. आमचं उत्तरही तेच आहे. मुलांना १५ टक्के सूट, शाळेला पावती, आणि साहेबांना चहाबद्दल धन्यवाद.

२००४ मध्ये मी सांगलीत गाइडं विकायचो. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, जत असा फेरा. जून-जुलै पळापळ, पुढे माशा मारायच्या. आमचे नाना एका हायस्कूलमध्ये कलाशिक्षक होते. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला मुलं बसवणं, उरलेल्या वेळात मासिकांसाठी चित्रं काढणं, यात जन्म गेला. निवृत्त झाल्यावर म्हणाले, "तुझी गाइडं पोरं वाचत नाहीत, घोकतात. मला एकदा बरोबर घेऊन चल."

गेलो. शाळेत फळाच मिळेना. जिल्हा परिषदेच्या शाळेचा फळा आपल्याला माहीत आहे, वर सुविचार, कडेला वार, तारीख, पट, हजर. पुसलेलं गुरुजींना चालत नाही. मधे वहीएवढी जागा उरते. त्या दिवशी नानांनी फरशीवर खडूने चित्रं काढली. परत येताना हरभट रोडवरून अडीच फुटी पत्र्याची पेटी घेतली आणि तिच्या झाकणाला आतून फळ्याचा काळा रंग दिला. पेटी उघडली की पुस्तकं खाली, फळा वर. कुणाचा सुविचार पुसायला नको. ती पेटी अजून आहे. बिजागऱ्या तीनदा बदलल्या, रंग किती वेळा दिला ते मोजलं नाही.

नानांची रीत अशी. भाषण नाही, "मुलांनो, वाचन केल्याने काय होते?" नाही. एकाच्या हातात खडू द्यायचा, "रेघ मार." त्या रेघेचं काहीतरी करायचं. जतकडच्या एका शाळेत, जिथे निम्म्या पोरांच्या घरात कन्नड, एका पोराने रेघ मारलीच नाही. घाबरून नुसता ठिपका टेकवला आणि पळाला. नानांनी ठिपक्याभोवती पापणी काढली, मग खडू आडवा धरून कपाळ, मग शिंग. मागून कुणीतरी ओरडलं, "एम्मे!" म्हणजे म्हैस. म्हैस अर्धीच काढून नाना थांबले. "उरलेली पेटीत आहे, पान नऊवर." नऊव्या पानासाठी जी झुंबड उडाली, ती मी गाइडांच्या आयुष्यात पाहिली नव्हती.

दुसरा खेळ डमीचा, म्हणजे पुस्तकाच्या कोऱ्या नमुन्याचा. एक मोठा कागद तीनदा दुमडायचा, आठ पानांवर पाठपोट सोळा आकडे टाकायचे आणि कागद उलगडून दाखवायचा. १ च्या शेजारी १६ कसा आला? काही आकडे उलटे का? पोरं चक्रावतात. परत दुमडायचं, मधे टाका घालायचा, कडा पट्टीने फाडायच्या, की आकडे ओळीत. छपाईतला फॉर्म, म्हणजे एका कागदावर बसणारी ही सोळा पानं, चौथीतल्या पोराला एवढ्यात कळतो. छपाईवाल्यांची नवी पोरं मात्र अजून विचारतात.

पुढे नानांची चार चित्रपुस्तकं आम्हीच छापली. सोळा पानी, गुळगुळीत आर्ट पेपर, मधोमध पिना. दोन लेखकही आमच्याबरोबर येऊ लागले. २००९ ते २०१८ बरं चाललं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२००५ च्या पुरात कृष्णा आयर्विन पुलापाशी जवळपास ५४ फुटांवर गेली तेव्हा गावभागातल्या आमच्या गोदामाच्या उंबऱ्याला पाणी लागलं होतं. म्हणून आत दोन फुटी ओटा बांधला आणि निर्धास्त झालो. ऑगस्ट २०१९ मध्ये नदी ५७ फुटांच्या वर गेली. ओट्यावर दीड फूट पाणी. तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे बसून मी मनातल्या मनात कुठला गठ्ठा कुठे आहे ते आठवत होतो. चूक माझीच. आर्ट पेपर जड, म्हणून चित्रपुस्तकं खाली. मॅपलिथोवरची, म्हणजे साध्या कागदावरची, कथापुस्तकं हलकी, म्हणून ती वर.

पाणी ओसरल्यावर गोदाम उघडलं. मॅपलिथो भिजला तरी वाळतो, पापडासारखा वाकडा होतो, पण वाचता येतो. आर्ट पेपरवर मातीचा लेप असतो. तो भिजून वाळला की पानाला पान कायमचं चिकटतं, पुस्तकाची वीट होते. चार हजारांच्या आसपास विटा. रद्दीवाला म्हणाला, "चिखल मापात धरत नाही." विमा दुकानाचा होता, गोदामाचा नव्हता. (दोन्हीचा काढा. आजच काढा. हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता.)

आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर दुसरे एक पुस्तकवाले साहेब आमच्या शाळांत उतरले. नाव लिहीत नाही, धंद्यातल्यांना कळेल. परदेशातली उरलीसुरली इंग्रजी पुस्तकं किलोने उचलायची, शाळेच्या हॉलमध्ये मांडायची, शाळेला ३० टक्के द्यायचे. त्याला नाव 'लेखक भेट'. लेखक म्हणून जादूगार. "सांगलीवाले पुरात संपले" हेही तेच सांगत फिरले. आम्ही भेटीआधी शाळेला एक फॉर्म पाठवायचो, मुलांनी पुस्तक वाचून आधीच प्रश्न लिहून ठेवावेत म्हणून. त्यात 'चित्रकारास विचारायचा प्रश्न' ऐवजी 'चित्रकरास' छापलं गेलं होतं. त्या साहेबांचा फॉर्म हाती आला तर त्यातही 'चित्रकरास'! शाई तेवढी निळी.

त्या वर्षी सव्वीस शाळांपैकी सात उरल्या. मी दुकान विकायला काढलं होतं. तेव्हा त्या एम्मेवाल्या शाळेच्या बाईंचा फोन आला. "भाऊ, पुस्तकं भिजली म्हणे. भिजलेलीच पाठवा." मी म्हटलं, "वाकडी आहेत बाई, निम्म्या किमतीत देतो." "वाकडं तोंड पोरांना चालतं. किंमत छापलेलीच लावा." ३,२४० रुपये आले, बहुतेक दहा-दहाच्या नोटा आणि नाणी. एक वीटही त्यांनी मागून घेतली. पोरांनी पट्टी घालून तिची दोन पानं सोडवली. त्यावर म्हशीचं नुसतं शेपूट उरलं होतं. बाकीची म्हैस पोरांनी वहीत काढली आणि ती चाळीस चित्रं बाईंनी नानांना पाठवली. नाना दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नव्या डमीचा कागद दुमडायला बसले. त्या चाळीस म्हशींवरूनच पाचवं पुस्तक झालं. २०२० मार्चला शाळा बंद झाल्या तेव्हा ते छापखान्यात होतं. त्याचं रडगाणं सगळ्यांचंच आहे, सोडून देतो.

शाळावाल्यांनो, विषय निघालाच आहे तर ऐका. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन म्हणून लेखक मागू नका. त्या एका दिवसासाठी मला अकरा फोन येतात आणि नोव्हेंबरभर एकही नाही. पाहुणा यायच्या पंधरा दिवस आधी त्याची तीन पुस्तकं वर्गात फिरू द्या. वाचलेलं नसेल तर पोरं एकच प्रश्न विचारतात, "तुम्हाला प्रेरणा कुठून मिळाली?" आणि तोही गुरुजींनी लिहून दिलेला. सातशे पोरं मैदानात बसवून माइक देऊ नका. दोन वर्ग पुरेत. शाल-श्रीफळ नको, मानधनाचं पाकीट जेवणाआधी द्या. आणि या धंद्यातल्या नव्या पुस्तकवाल्यांनो, बिल फेब्रुवारीत द्या. मार्चअखेरच्या गर्दीत गेलेलं बिल पुढच्या मार्चला भेटतं.

गोदाम आता विश्रामबागला, पहिल्या मजल्यावर. नानांचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही. ते खाली पेटीवर बसतात, मी गठ्ठे उतरवतो. त्यांचा हात जरा थरथरतो, पण आडवा खडू अजून सरळ जातो. शाळा एकोणीस झाल्यात, सव्वीस नाहीत.

आमच्या फॉर्ममधली चूक मी २०२१ च्या छपाईत सुधारली. गेल्या महिन्यात त्या साहेबांचा नवा फॉर्म एका शाळेत पाहिला. रंगीत केलाय, वर चकचकीत लोगो. खाली अजूनही 'चित्रकरास'.