गिरणेच्या मातीची घागर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पूजायची घागर यंदा स्वतःच्या हाताने घडवायची, असे ठरवून मी हिवाळ्यातच चाळीसगाव तालुक्यातील आमच्या शेताची काळी माती आणली. मळलेल्या मातीच्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढून ती सावलीत वाळवली, तर रेघ ८.७ भरली आणि पट्टीला भेगा गेल्या. कापसाला मानवणारी ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तशीच आकसते. म्हणून गिरणा नदीकाठचा पिवळसर गाळ घेऊन त्यात चौथा हिस्सा बारीक वाळू व थोडी चाळलेली राख तुडवली. या मिश्रणाच्या पट्टीवरची तेवढीच रेघ ९.३ भरली.

चाक नव्हते. मातीच्या वळ्या एकावर एक रचून, आतून गुळगुळीत गोटा धरून, बाहेरून थापटण्याने ठोकत सहा मडकी उभी केली. परसात दीड फूट खोल खड्डा खणून तळाला गोवऱ्या, त्यावर पालथी मडकी, भोवती पऱ्हाट्या आणि वर फुटक्या खापरांचे झाकण घातले. पेटवल्यावर अर्ध्या तासातच आत फटाके फुटल्यासारखे आवाज झाले. भिंतीत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन तीन मडकी फुटली होती. उरलेली तीन सुरेख लाल निघाली, पण चौथ्या दिवशी त्यांवर पांढरे ठिपके उमटून खपल्या उडाल्या. हे मात्र फार जिव्हारी लागले, कारण दोष विस्तवात नव्हता, मातीतच होता. गाळातले चुनखडीचे खडे भाजून कळीचा चुना झाले होते आणि हवेतील दमटपणा शोषून फुगत होते.

दुसऱ्या खेपेस कोरड्या गाळावर लिंबू पिळून पाहिले. जो फसफसला तो टाकून दिला, बाकीचा पाण्यात कालवून फडक्यातून गाळला. वाळू व राख पूर्वीसारखीच मिसळून तीन मडकी घडवली. आठ दिवसांनी भट्टी लावणार, तोच कुंभारवाड्यातील आजींनी एक मडके गालाला लावले आणि म्हणाल्या, ‘भाऊ, आजून वल्लं शे.’ मीही लावून पाहिले. बुडाशी ते गार लागत होते. आणखी पाच दिवस थांबलो, मग प्रथम नुसत्या धुरावर दोन तास शेकवून हळूहळू जाळ वाढवला आणि रात्रभर भट्टी निवू दिली.

तिन्ही मडकी शाबूत निघाली. त्यांतल्या मोठ्या घागरीला टिचकी मारली, तेव्हा ती खणखणीत वाजली.