बाईंनी उलगडलेला ‘पंडितंमन्य’

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे निमंत्रण हाती पडले तेव्हा सर्वांत आधी संस्कृतच्या बाई आठवल्या. इतर गुरुजनांची क्षमा मागून हे मनोगत मी त्यांच्यापुरतेच लिहीत आहे.

वक्तृत्व स्पर्धेत आमच्या तुकडीतील एकाने प्रतिस्पर्धी वक्त्याला ‘पंडितंमन्य’ (स्वतःला विद्वान समजणारा) म्हटले होते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचीच चर्चा होती. बाई कोणावर रागावल्या नाहीत. त्यांनी तो शब्द फळ्यावर लिहिला, ‘तं’वरील अनुस्वाराभोवती खडूने वर्तुळ काढले आणि विचारले, “हा इथे कुठून आला?” उत्तर कोणालाच देता आले नाही. नेमलेला धडा बाजूला राहिला आणि बाईंनी पाणिनीचे ‘आत्ममाने खश्च’ (३.२.८३) हे सूत्र उलगडायला घेतले. माणूस स्वतःविषयीच काही मानत असेल, तेव्हा ‘मन्’ धातूला ‘खश्’ प्रत्यय लागतो आणि त्या प्रत्ययातील ‘ख्’मुळे आधीच्या स्वरान्त शब्दाला ‘म्’ जोडला जातो. तोच हा अनुस्वार. ‘पंडितमानी’ हे रूप दुसऱ्याला विद्वान मानणाऱ्यालाही लावता येते, ‘पंडितंमन्य’ मात्र केवळ स्वतःलाच विद्वान समजणारा. एवढा बारीक भेद एका प्रत्ययाने दाखवणाऱ्या भाषेचे बाईंना विलक्षण कौतुक होते आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसे.

मग त्यांनी वैयाकरणांचे ‘दिवामन्या रात्रिः’ हे उदाहरण सांगितले : स्वतःला दिवस समजणारी रात्र. ‘दिवा’ हे अव्यय असल्यामुळे तेथे अनुस्वार येत नाही. तास संपत आला असतानाही त्यांनी कठोपनिषदातील श्लोक म्हणून दाखवला, ज्यात अविद्येत राहून स्वतःला ‘धीर’ आणि ‘पंडित’ मानणाऱ्यांना आंधळ्याच्या मागे चाललेल्या आंधळ्यांची उपमा दिली आहे. एका शब्दाच्या फरकाने तोच श्लोक मुंडकोपनिषदातही येतो, हेही त्यांनी आवर्जून सांगितले.

पुढे मी मुद्रितशोधन आणि संपादनाच्या व्यवसायात आलो, त्याचे सारे श्रेय मी त्या तासाला देतो. हल्ली हा शब्द अनुस्वाराविना छापलेला दिसतो आणि कोणत्याही गर्विष्ठ माणसाला सरसकट लावला जातो, याची मनापासून खंत वाटते. गर्विष्ठाजवळ खरी विद्या असू शकते; पंडितंमन्याजवळ मात्र ती आहे ही केवळ त्याची स्वतःची समजूत असते, आणि त्या समाधानामुळेच त्याचे शिकणे थांबलेले असते. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुद्रितात मी तो अनुस्वार परत घालतो, आणि एखाद्या तरुण सहकाऱ्याने कारण विचारलेच, तर बाईंनी शिकवलेल्या क्रमाने, आधी सूत्र आणि मग रात्रीचे उदाहरण, असे समजावून सांगतो.