बिकिनीवरची मोजणी
आज दिवसभर मार्शल बेटांतील बिकिनीवर किरणोत्सर्ग मोजणारे गॅमामापक यंत्र घेऊन माडांच्या रांगांतून फिरलो. १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने या प्रवाळद्वीपावर २३ अणुचाचण्या केल्या. तरीही जमिनीपासून मीटरभर उंचीवर धरलेल्या यंत्रावरचा आकडा किनाऱ्यालगत जेमतेम हलत होता आणि बेटाच्या आतल्या काळसर मातीवर मात्र तो स्पष्टपणे चढत गेला. खरी धास्ती हवेपेक्षा शहाळ्याची आहे, कारण या प्रवाळी मातीत पोटॅशियम अत्यल्प असल्यामुळे माड त्याच्याऐवजी सीझियम-१३७ हे चाचण्यांतून उरलेले किरणोत्सर्गी द्रव्य शोषून घेतो. त्यामुळेच १९७० च्या दशकात परतलेल्या कुटुंबांना १९७८ मध्ये पुन्हा बेट सोडावे लागले. (कोकणातला असूनही मी कोयत्याला हात लावला नाही.) पोटॅशियमयुक्त खत घातल्यास नारळातील सीझियम बरेच घटते, असे प्रयोगांतून दिसले आहे; माझ्या मते, परतीच्या चर्चेत या साध्या उपायाला अग्रक्रम मिळायला हवा.