एडीएचडीची असेसमेंट केली, आणि खरा प्रॉब्लेम लुडो खेळताना दिसला

माझा मुलगा चौथीत आहे. अभ्यासाची बोंब पहिल्यापासूनच, पण आम्ही डॉक्टरकडे गेलो ते बिल्डिंगमधली पोरं त्याला खेळायला घेईनाशी झाली म्हणून. क्रिकेटमध्ये सगळे वैतागलेत, कोणी तोंड फिरवलंय, कोणी "ए गप ना आता" म्हणतंय, आणि याचा तोच जोक चौथ्यांदा चालूच. सासूबाईंचं ठरलेलं, "याचा बापही असाच होता." (होता खरा.)

आधी कान-डोळे तपासून झाले, मग डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, म्हणजे मुलांच्या वाढ-विकासाचे डॉक्टर. एक फॉर्म आम्ही भरायचा, एक टीचरने, कारण एडीएचडीची (लक्ष न टिकणं, चुळबूळ, उतावळेपणा) लक्षणं घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला लागतात, 6 महिने तरी टिकलेली आणि 12 वर्षांच्या आधीपासूनची. शाळेतून फॉर्म परत मिळवणं हेच सगळ्यात मोठं काम निघालं, विचारू नका. मला धास्ती ऑटिझमची होती. तेही तपासलं, कारण दोन्ही एकत्र असू शकतं, 2013 मध्ये डीएसएम-5 (मानसिक निदानांचं अमेरिकन मॅन्युअल) येईपर्यंत दोन्ही निदानं एकत्र लिहायची सोयच नव्हती. याच्यात तसं काही निघालं नाही.

सायकॉलॉजिस्टने चेहऱ्यांचे फोटो दाखवले. चिडलेला, घाबरलेला, कंटाळलेला, पठ्ठ्याने धडाधड ओळखले. मग तिने लुडो मांडला. हा मेट्रोबद्दल सुरू झाला, तिने जांभई दिली, घड्याळ बघितलं, खुर्ची मागे सरकवली, याची गाडी कुठेच थांबेना. शेवटी तिने फासा हातात धरून विचारलं, "मी आत्ता काय केलं?" तर म्हणतो, "घड्याळ बघितलं. तुम्ही बोअर झालात का?" म्हणजे त्याला कळत होतं हो, पण थांबवून विचारल्यावर! बोलण्याच्या भरात समोरच्याच्या चेहऱ्याकडे लक्षच जात नाही. म्हणून घरी बसवून "असं वागायचं नसतं" ही लेक्चरं फुकट, त्याला ती पाठ आहेत, प्रॅक्टिस खेळता खेळताच हवी असं तिचं म्हणणं, आणि मला ते शंभर टक्के पटलं.

औषधही सुरू केलं, मिथाइलफेनिडेट. ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत येतं, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक केमिस्ट ठेवून घेतो, आणि प्रत्येक केमिस्टकडे मिळतही नाही, त्यामुळे पहिल्यांदा जाताना जरा वेळ काढूनच जा. त्याने नंबर येईपर्यंत थांबणं जमायला लागलं, पण पोरांच्या डोक्यात बसलेलं "हा डोकं खातो" गोळीने कसं जाणार. त्यासाठी ग्रुप सेशन, आणि घरी एकेकाच मित्राला बोलवायचं, तेही थोडाच वेळ, भांडण व्हायच्या आत संपवायचं.

आता तो चेहरे बघतो. इतके बघतो की दर दोन मिनिटांनी "तू चिडलास का? चिडलास का?" करत पोरांना खरंच चिडवतो. पुढच्या सेशनला हाच विषय घ्यायचाय.