तुम्ही विचारलंत म्हणून: स्क्रू आवळून का भागले नाही

माशेलच्या बाजारात माझी १९५४ सालची विलीज पिकअप उभी दिसली की कोणी ना कोणी विचारतेच, "स्टिअरिंग ढिले होते तर बॉक्सवरचा स्क्रू आवळायचा होता, अर्ध्या तासाच्या कामात अख्खा पावसाळा कसा गेला?" प्रश्न चुकीचा नाही. बॉक्स म्हणजे स्टिअरिंगचे फिरणे चाकांकडे पोचवणारी पेटी; तिच्यावरचा तो स्क्रू मीही आवळून पाहिला होता.

त्या वेळी गाडी सरळ चालत असताना स्टिअरिंगची कड चार बोटे नुसतीच फिरे आणि मग कुठे पुढची चाके हलत. बोरीच्या पुलावर समोरून बस आली की मी बोलणे थांबवीत असे. एका रविवारी बॉक्सच्या बाजूच्या झाकणावरचा नट सैल करून स्क्रू पाऊण फेरा आत घेतला, तर ढिल जवळजवळ नाहीशी झाली. फोंड्यापर्यंत मी खुशीत होतो. तिथे डावीकडे वळलो, आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून मागे येईना. दोन्ही हातांनी ओढून ते सरळ करावे लागले. ढिल्या स्टिअरिंगपेक्षा हे अडकणारे स्टिअरिंग अधिक घातक होते.

या गाडीचा बॉक्स रॉस पद्धतीचा, म्हणजे कॅम आणि लिव्हरचा आहे. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला आटे पाडलेला जाड कॅम असतो आणि आडव्या शाफ्टच्या लिव्हरवरील दोन निमुळत्या पिना त्या आट्यांच्या खाचेत सरकतात. खाच मधोमध मुद्दाम किंचित उथळ कापलेली असते, जेणेकरून गाडी सरळ जाताना पिना घट्ट बसाव्यात आणि वळणावर थोडी मोकळीक राहावी. पण गाडीचा बहुतेक प्रवास सरळच होत असल्यामुळे झीजही नेमकी मध्यावरच होते, आणि त्या झिजलेल्या मध्याच्या मापाने स्क्रू आवळला की न झिजलेल्या दोन्ही बाजूंना पिना अडकतात.

म्हणून बॉक्स उतरवला. शाफ्टच्या बाहेरच्या टोकावर घट्ट बसलेला ड्रॉप आर्म, म्हणजे चाकांकडच्या दांड्या हलवणारा हात, पुलर (ओढून काढायचे हत्यार) लावूनही हलेना. दोन दिवस तेल पाजल्यावर, बंदुकीसारखा आवाज करून तो सुटला. झाकण काढले तर आत ग्रीस खच्चून भरलेले. सील गळत होते, म्हणून कोणीतरी ऑइलऐवजी ग्रीस भरण्याची सोयीची युक्ती केली होती. ग्रीस एकदा आट्यांमधून बाजूला ढकलले गेले की परत तिथे येत नाही, आणि कॅम कोरडाच फिरत राहतो. दोन्ही पिनांच्या एका अंगाला नखाएवढे सपाट, चकचकीत पैलू पडले होते. शाफ्ट ज्यांत फिरतो त्या धातूच्या नळ्या, म्हणजे बुशही, लंबगोल झाले होते, त्यामुळे स्क्रू कितीही आवळला असता तरी शाफ्ट डुलतच राहिला असता.

जुन्या जीपचे सुटे भाग विकणाऱ्याकडे पिनांसह लिव्हर शाफ्ट मिळाला. बुश कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर करून घेतले. तिथले मेस्त (कारागीर) म्हणाले, "बाब, आताच पक्के माप घेऊ नका. बुश ठोकून बसवला की आवळतो, आतले भोक मापाला आणणारा रीमर त्यानंतर मारायचा." मी घाई केली असती तर ते बुश फुकट गेले असते.

जोडणीत क्रम महत्त्वाचा असतो. बाजूचा स्क्रू पूर्ण सैल ठेवून आधी वरच्या झाकणाखालच्या कागदासारख्या पातळ चकत्या (शिम) कमी करीत कॅमची पुढे-मागे होणारी हालचाल काढली. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरे मोजून, त्यांच्या निम्म्यावर स्टिअरिंग आणले आणि त्या मध्यावरच स्क्रू हलका आवळून नट घट्ट केला. शेवटी नवे सील घालून गिअर ऑइल भरले.

चवथीला गाडी बाहेर काढली तेव्हा चार बोटांचे एक बोट उरले होते. मुलाला स्टिअरिंग हलवायला सांगून मी खाली झोपलो आणि एकेक सांधा हाताने चाचपला. बॉक्सचा शाफ्ट लगेच हलत होता; ढिल होती ती दोन्ही पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे टाय रॉडच्या, डाव्या सांध्यात. तो अजून बदललेला नाही.