दोन नंबरचं पाणी तीन नंबरात

"भाऊ, तुमी बसवलेलं पॅकिंग बारा दिवसांत गेलं जी."

सकाळी साडेसहाला लाँचच्या मालकांचा हा फोन. महाशिवरात्र आठवड्यावर आली होती आणि आंभोऱ्याला चैतन्येश्वराच्या यात्रेत लाँच बंद म्हणजे मालकाची वर्षाची कमाई गेली. पूल झाल्यापासून पलीकडे जायला नाव लागत नाही, पण पाच नद्यांच्या संगमावर हौसेनं फिरायला लोक बसतात.

माझं दुकान कुहीला. ट्रॅक्टर, थ्रेशर, शेतातले डिझेल पंप हे रोजचं काम. बोटीचं इंजिन क्वचितच. हे चार सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन समुद्रकाठाहून सेकंडहँड आलेलं. त्याला रेडिएटर नाही. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याचंच पाणी पंपानं ओढायचं, ब्लॉकमधून फिरवायचं आणि शेवटी धुराच्या नळीत सोडायचं.

बारा दिवसांपूर्वी सेल्फ मारला तर नुसतं 'ठक'. डिझेल फवारणारी नोझल काढल्यावर दोन नंबरच्या सिलिंडरमधून पाणी उडालं. मी लगेच निकाल दिला: हेड पॅकिंग, म्हणजे ब्लॉक आणि वरच्या हेडच्या मधलं गास्केट. हेड नागपूरला मशीनवर सपाट करून आणलं, नवं पॅकिंग टाकलं. जुनं पॅकिंग दोन नंबर आणि पाण्याच्या भोकाच्या मध्ये जरा काळं दिसत होतं. खरं सांगायचं तर मला ते काळं दिसायलाच हवं होतं.

तेव्हा मालकांना एक बरं सांगून ठेवलं होतं की रोज सकाळी आधी ऑइलची पट्टी बघायची. आज पट्टीवर दुधाच्या चहासारखं ऑइल दिसलं आणि त्यांनी सेल्फला हात लावला नाही. लावला असता तर पुन्हा ठक. पाणी दाबलं जात नाही. तिथे पिस्टनचा रॉड वाकतो.

समुद्रावरचा फिटर म्हणे अशा वेळी पाणी जिभेला लावून बघतो. इथे सगळंच गोडं. त्यात नागनदीची घाण कन्हानमधून याच पाण्यात येते. जीभ लावायची हिंमत कोणाची?

चारही नोझल काढली. पाणी या वेळी तीन नंबरात होतं. दोन कोरडाठाक.

मी पाना खाली ठेवला. पॅकिंग फाटलं तर एका जागी फाटतं. आज दोनमध्ये आणि उद्या तीनमध्ये असं ते फिरत नाही. इंजिन अजिबात न हलवता व्हॉल्व्हवरचं टॅपेट कव्हर उघडलं. तीन नंबरचा धुराचा व्हॉल्व्ह दाबलेला, म्हणजे उघडा. पाणी हेडमधून आलंच नव्हतं. सायलेन्सरकडून उलटं चढून जो दरवाजा उघडा सापडला त्यात शिरलं होतं.

"काल संध्याकाळी काय झालं?" मी विचारलं.

मालकांचा पोरगा पुढे आला. "इंजन चालूच होत नोयतं. बॅटरी बसेस्तोवर सेल्फ मारला."

कोडं तिथेच सुटलं. या बोटीत धूर आणि पाणी आधी खालच्या एका डब्यात जातात. इंजिन चालू असलं की धुराचा जोर ते पाणी बाहेर फेकतो. नुसता सेल्फ मारत राहिलं की पंप पाणी ओढतच राहतो, धूर मात्र नाही. डबा भरतो आणि पाणी मागे फिरतं. रात्रभर ते पिस्टनच्या रिंगांतून झिरपत ऑइलमध्ये उतरलं.

पाणी काढलं, सिलिंडरमध्ये डिझेल ओतून हातानं फेरे दिले. ऑइल दोनदा बदललं. मग पाण्याचा कॉक बंद ठेवून, पंपातल्या रबरी पंख्याला घोटभर पाणी पाजून कॉम्प्रेशन बघितलं. चारही 340 ते 355 पौंडांत. या वयाच्या इंजिनाला छानच. पॅकिंग, हेड, सगळं धडधाकट.

मग उरला मूळ प्रश्न: चालू का होत नव्हतं? हातपंपानं डिझेल चढवलं तर हवेच्या स्क्रूपाशी साबणासारखा फेस, म्हणजे डिझेलमध्ये कुठून तरी हवा शिरत होती. फिल्टरच्या पोकळ बोल्टाखाली बोट फिरवलं, ओलं. तांब्याचा वायसर चपटा होऊन एका बाजूला चिरलेला. दिवाळीत पोरानं फिल्टर बदलताना जुनाच लावला होता. आणि हेड काढताना तोच बोल्ट मी सोडवला होता, तोच वायसर पुसून परत लावला होता.

नवा वायसर बसवला, हवा काढली. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन धरलं. मग कॉक उघडला आणि मागच्या नळीतून पाण्याचे गचके पडायला लागले. पोराला तीनदा बोलून दाखवायला लावलं: आधी इंजिन चालू, मग कॉक, इंजिन बंद करताना कॉक उघडाच.

मजुरी घेण्याचा प्रश्नच नव्हता. उलट मागच्या हेडच्या कामाचे पैसे परत करतो म्हणालो. मालक बराच वेळ पाण्याकडे बघत बसले.

"अर्धे द्या जी," ते म्हणाले, "पन या वायसराचे पाच रुपये मी देनार नाई."