डबल चाकांचा नाद आणि आमचं गॅरेज

सुरुवात हौसेतून झाली, धंदा वगैरे काही डोक्यात नव्हतं. मी, धाकटा भाऊ आणि एक जुनी शेव्हरले सी-१० पिकअप. म्हटलं मागे डबल टायर टाकू, गाडी काय दिसेल! बाजारात अडॅप्टर मिळतात, म्हणजे जोडीचं चाक बसवायला मध्ये घालायचे तुकडे, ते लावले आणि झालं काम, असं वाटलं.

झालं कुठलं. त्या गाडीचा ॲक्सल सेमी-फ्लोटिंग, म्हणजे चाक थेट शाफ्टच्या टोकाला, गाडीचा भारही शाफ्टनेच उचलायचा आणि फिरायचंही त्यानेच. अडॅप्टरने चाक बाहेर ढकललं की बेअरिंगवरची तरफ वाढते. काही दिवसांत बेअरिंग रडायला लागलं, सील गळून ब्रेकचे लायनर तेलाने माखले, ड्रम उघडला तेव्हा भाऊ नुसता माझ्याकडे बघत राहिला.

तेव्हापासून आमच्याकडे अडॅप्टर बंद. डबल चाकं पाहिजेत तर आख्खा ॲक्सलच बदलायचा, आणि तोही फुल-फ्लोटिंग. त्यात हबला (चाक ज्यावर बसतं तो भाग) स्वतःची दोन बेअरिंग, भार हाउसिंगवर, म्हणजे ॲक्सलच्या बाहेरच्या कवचावर, शाफ्टचं काम फक्त फिरवणं. १९७३ पासून शेव्हरलेच्या एक टनी पिकअपला कंपनीतूनच डबल चाकं यायला लागली, त्यांचा १४ बोल्टवाला ॲक्सल (मागच्या कव्हरचे बोल्ट मोजा, कळेल) आमचा आवडता. जड आहे, दोघांनी उचलायच्या फंदात पडू नका. आणि घेताना टेप लावूनच घ्या, कारण कॅब-चेसिसवाल्या (कंपनीतून हौद्याशिवाय येणाऱ्या) गाडीचा ॲक्सल पिकअपच्या ॲक्सलपेक्षा अरुंद असतो. आम्ही एकदा घाईत तोच उचलून आणला, आतलं टायर हौद्यात घुसायला लागलं.

दुसरी शिकवणी पिनियनच्या अँगलची, म्हणजे गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट ॲक्सलला जिथे जोडतो त्या तोंडाचा कल. गाडी स्टँडवर, चेसिस हवेत, पाटे लोंबकळतायत आणि आम्ही पाट्यांच्या बैठका ॲक्सलवर पक्क्या वेल्ड करून मोकळे. गाडी खाली उतरवली तर पाटे बसले, अँगल फिरला आणि स्पीड पकडला की सगळी केबिन थरथर. ग्राइंडरने कापून परत केलं. आता आधी फक्त टाके मारतो, गाडीचं वजन चाकांवर टाकून अँगल बघतो, मगच पक्कं वेल्डिंग.

गिऱ्हाईक येतं ते मागचं रुंद मडगार्ड बघून, पुढच्या चाकांचा विचारच नसतो. मागे आठ नट, पुढे पाच, मग पुढचे हब-ब्रेकही एक टनी गाडीचे घालावे लागतात, खर्च तिथे वाढतो आणि तोंडं पडतात. वर "आता डबल माल भरता येईल ना?" हा प्रश्न ठरलेला. नाही हो! चेसिस, पाटे, ब्रेक तेच असतील तर नुसत्या टायरने काय होणार, कागदावरची क्षमताही तीच राहते.

जोडीतली टायरं एकाच मापाची लागतात, एक मोठं असलं की सगळा भार तेच घेतं आणि तापतं. दोघांत फट हवी, लोड पडल्यावर टायर खाली फुगतं तेव्हाही. आतल्या टायरची हवा गेली तर बाहेरचं गाडी धरून ठेवतं, कळतच नाही, म्हणून आतल्याला लांब व्हॉल्व्ह आम्ही न विचारताच लावतो.

गाडी देताना प्रत्येक नटवर पिवळ्या पेंटची रेघ मारतो आणि शंभरेक किलोमीटरनंतर परत टाइट करायला बोलावतो. निम्मे लोक येत नाहीत. मग भाऊ फोन करतो, तो भांडायला चांगला आहे.